गॅस ठेवायचा की काढायचा, ते तुमच्या ओट्यावर ठरू दे

पत्र :

"आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. घर जुनं आहे, १९७० च्या सुमाराचं. आता स्वयंपाकघर नव्याने करायला काढलंय. मुलगा सात वर्षांचा. त्याला दमा आहे, हिवाळ्यात इनहेलर हाताशी ठेवावा लागतो. गॅस काढून इंडक्शन बसवावं असं मला वाटतं. नवरा म्हणतो, 'सरकार लोकांच्या घरातल्या शेगड्या उचलून न्यायला निघालंय, आणि तू आपण होऊन काढून देतेस!' त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर '२०२७ पासून गॅस बंद' असा मेसेज फिरतोय. सासूबाई वर्षातले सहा महिने इथे असतात. त्या म्हणतात, 'अर्धं आयुष्य चुलीपुढे डोळे चोळण्यात गेलं. गॅस आला तेव्हा सुटले. आता तोच गॅस वाईट झाला?' शिवाय भाकरी आणि भरीत विस्तवाशिवाय कसं होणार, हा त्यांचा प्रश्न आहेच. महिनाभरात कंत्राटदाराला काय ते सांगायचंय. खरंच बंदी येतेय का? मी उगाच घाबरतेय का? आणि घरात वितुष्ट न येता हे कसं ठरवू?"

— सनीव्हेलची एक वाचक

ताई,

आधी तुमच्या यजमानांच्या धास्तीचं बोलू. ती निघाल्याशिवाय पुढचं काही त्यांच्या कानात शिरणार नाही.

तो २०२७ चा मेसेज अगदीच हवेतला नाही, पण अर्धवट आहे. तुमच्या बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागाच्या, हवा नियंत्रण मंडळाने मार्च २०२३ मध्ये एक नियम केला. गॅसवर चालणारे नवे वॉटर हीटर २०२७ पासून आणि घर गरम करणाऱ्या नव्या भट्ट्या २०२९ पासून नायट्रोजन ऑक्साइड न सोडणाऱ्याच असाव्यात, असं त्यात ठरलं. नियम नव्या विक्रीसाठी आणि बसवणुकीसाठी आहे. तुमच्या घरात चालू असलेला हीटर काढायला कोणी येणार नाही. आणि स्वयंपाकाच्या शेगड्या या नियमात नाहीतच. पुढे ढकलत आलेल्या मेसेजमधून नेमकं हेच वाक्य गळलेलं असतं.

मग 'शेगडी उचलून नेणार' हे आलं कुठून? जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकवस्तूंच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाचे एक सदस्य, रिचर्ड ट्रुमका ज्युनियर, एका मुलाखतीत म्हणाले की गॅसची शेगडी हा दडलेला धोका आहे, सगळे पर्याय खुले आहेत, आणि जी वस्तू सुरक्षित करता येत नाही तिच्यावर बंदी येऊ शकते. त्या एका वाक्याने देशभर आग लागली. टेक्सासचे एक खासदार 'या, घेऊन दाखवा' म्हणून शड्डू ठोकून उभे राहिले. दोनच दिवसांत आयोगाच्या अध्यक्षांनी सांगितलं की बंदीचा विचार नाही. व्हाइट हाउसनेही तेच सांगितलं. पण तोवर शेगडीचा झेंडा झाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये प्रतिनिधीगृहाने शेगडी वाचवण्यासाठी म्हणून लागोपाठ दोन विधेयकं मंजूर केली.

तुमच्या शेजारच्या बर्कलीची गोष्ट मला या सगळ्यात जास्त बोलकी वाटते. २०१९ मध्ये त्या शहराने नव्या इमारतींना गॅसची जोडणीच द्यायची नाही असं ठरवलं. देशात असं करणारं ते पहिलं शहर. रेस्टॉरंटवाल्यांची संघटना कोर्टात गेली. एप्रिल २०२३ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाने (नववं सर्किट) निकाल दिला की १९७५ च्या केंद्रीय ऊर्जा कायद्यापुढे शहराचा हा नियम टिकत नाही. २०२४ मध्ये बर्कलीने तो मागे घेतला. तिकडे न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये नव्या इमारती विजेवरच असाव्यात असा कायदा केला, तोही कोर्टकचेरीत गेला. केंद्राच्या ऊर्जा खात्याने २०२४ च्या सुरुवातीला शेगड्यांच्या कार्यक्षमतेचे निकष जाहीर केले. ते लागू व्हायचे २०२८ ला, आणि खात्याच्याच म्हणण्यानुसार बाजारातली सुमारे ९७ टक्के गॅस मॉडेल्स त्यात आधीच बसतात. शेगडीवर आरोग्याचा इशारा छापायचं तुमच्या राज्याचं विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सही न करता परत पाठवलं. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या ऊर्जाविषयक आदेशात तर नागरिकांनी मनाजोगती वस्तू निवडावी म्हणून जी यादी दिली, तिच्यात गॅसच्या शेगडीचं नाव घालून उल्लेख आहे.

यजमानांना एवढं वाचून दाखवा. बंदीचा वारा आज तुमच्या घराच्या दिशेने वाहत नाही. जिथे वाहत होता तिथेही तो नव्या बांधकामापुरताच होता.

माझं मत विचाराल तर नव्या इमारतींबाबत नियम करण्यात सरकारचं काही चुकतं असं मला वाटत नाही. 'माझ्या स्वयंपाकघरात सरकारचं काय काम' हे वाक्य ऐकायला झणझणीत आहे, पण तुमच्याच घरात फिरून बघा. गॅसवर चालणाऱ्या वॉटर हीटरला छतावर जाणारा पाइप आहे. भट्टीलाही आहे. जळलेल्या गॅसची वाफ घराबाहेरच गेली पाहिजे असा बांधकामाचा नियम आहे, आणि त्याबद्दल कोणी कधी स्वातंत्र्य गेलं म्हणून ओरडत नाही. त्याच गॅसवर जळणारी शेगडी मात्र आपला धूर थेट खोलीत सोडते, आणि ती असते आपल्या नाकापासून हातभर अंतरावर. नवल वाटायचंच तर या सवलतीचं वाटावं.

आता तुमच्या मुलाकडे येते, कारण या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

गॅसची ज्योत निळी आणि स्थिर असली की हवा स्वच्छ, असं आपण धरून चालतो. निळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळतोय, कार्बन मोनॉक्साइड कमी, काजळी नाही. हे खरंच आहे. पण ज्योत इतकी तापलेली असते की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन तिथे एकत्र येतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. बर्नर कितीही घासूनपुसून ठेवला तरी तो होणारच. त्याला वास जाणवत नाही, रंग दिसत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. म्हणून चुलीपुढे बसलेल्या बाईला जे लगेच कळायचं ते गॅसपुढे उभ्या असलेल्या बाईला कळत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या घरांत मोजमाप करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं. स्वयंपाकघर लहान असेल आणि हूड, म्हणजे शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा, लावला नसेल, तर बाहेरच्या हवेसाठी अमेरिकेने ठरवलेली तासाभराची मर्यादा, म्हणजे अब्जात १०० भाग, काही मिनिटांतच ओलांडली जाऊ शकते. घराच्या आतल्या हवेसाठी अमेरिकेत या वायूची मर्यादाच ठरवलेली नाही. कॅनडाने ती ठरवली आहे : तासाभरासाठी ९० भाग, आणि कायमच्या वास्तव्यासाठी फक्त ११.

इथे यजमान तुम्हाला एक आकडा तोंडावर मारतील, किंवा तुम्हीच त्यांना माराल : '१२.७ टक्के'. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एका शोधनिबंधात म्हटलं होतं की अमेरिकेतल्या मुलांच्या दम्यापैकी १२.७ टक्के दमा गॅसच्या शेगडीच्या खात्यावर मांडता येतो. या आकड्यावर घर बांधू नका. लेखकांपैकी काही जण विजेकडे वळण्याचा प्रचार करणाऱ्या संस्थेत काम करणारे होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे जुन्या अभ्यासांतल्या आकड्यांवरून केलेलं गणित होतं, शेगडीमुळेच दमा झाला असं त्यातून सिद्ध होत नाही. २०१३ मध्ये अनेक देशांतल्या पाच लाखांहून जास्त मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात गॅसवरचा स्वयंपाक आणि दमा यांचा संबंध आढळला नव्हता. त्याच वर्षी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या दुसऱ्या गटाला तो ठळक दिसला. म्हणजे निरोगी मुलाला शेगडीमुळे दमा *होतो* का, यावर अजून वाद आहे, आणि तो प्रामाणिक वाद आहे.

पण ताई, तुमचा प्रश्न तो नाहीच. तुमच्या मुलाला दमा आहे. ज्याला आधीच दमा आहे त्याला नायट्रोजन डायऑक्साइडने त्रास वाढतो का, यावर फारसा वाद उरलेला नाही. थोड्या वेळासाठी जरी हा वायू श्वासात गेला तरी दमा उसळण्याशी त्याचा कार्यकारण संबंध आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये सगळा पुरावा तपासून काढला. टीव्हीवरचे लोक भांडतात पहिल्या प्रश्नावर. त्या गदारोळात दुसऱ्याचं उत्तर ऐकूच येत नाही, आणि तुमच्यासारख्या आईला वाटतं की सगळंच अजून अधांतरी आहे. तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. डॉक्टरांना पुढच्या खेपेला सांगा की घरात गॅस आहे. मुलाला कधी धाप लागली आणि त्या दिवशी ओट्यावर काय चाललं होतं, हे एका वहीत टिपत जा. ती वही तुमच्या घरात बाहेरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त वजनाची ठरेल.

आपला स्वयंपाक कसा असतो तेही लक्षात घ्या. इथल्या बऱ्याच घरांत संध्याकाळी एक भांडं चढतं आणि उतरतं. आपल्याकडे एकीकडे कुकर, दुसरीकडे भाजी, तिसरीकडे आमटीची फोडणी, आणि शेवटी मोठ्या आचेवर पोळ्या किंवा भाकऱ्या. तेवढा वेळ सगळे बर्नर चालू. आणि अमेरिकेतलं स्वयंपाकघर उघडं, त्यामुळे मुलगा समोरच्याच टेबलावर गृहपाठ करत बसलेला.

आज रात्री एक गोष्ट तपासा. तुमच्या शेगडीवर मायक्रोवेव्ह बसवलेला असेल, इथल्या बऱ्याच घरांत असतो. त्याचा पंखा सुरू करा आणि समोर उभ्या राहा. वरच्या जाळीतून गरम वारा कपाळावर आला, तर तो पंखा हवा बाहेर टाकत नाही, गाळणीतून फिरवून तुम्हालाच परत देतो. तेलाचे कण थोडे अडतात, वास थोडा कमी होतो. नायट्रोजन डायऑक्साइड जसाच्या तसा राहतो. असा पंखा 'लावलाय ना' म्हणून आपण निर्धास्त असतो, हे मला फार वाईट वाटतं.

म्हणून गॅस राहो वा जावो, कंत्राटदाराला पहिलं काम सांगा ते भिंतीतून किंवा छतातून बाहेर हवा टाकणाऱ्या हूडचं. इंडक्शन आलं तरी मोहरी तडतडणार, मिरची ठसकवणार, पुऱ्या तळल्या की निळसर धूर उठणार. ते बारीक कणही दम्याला चांगले नाहीत आणि ते शेगडीतून येत नाहीत, कढईतून येतात. इंडक्शन बसवलं की हवा स्वच्छ झाली असं जे विक्रेते सांगतात ते ही गोष्ट गाळतात. हूड शेगडीच्या पुढच्या बर्नरपर्यंत झाकणारा घ्या, आणि आवाज कमी असणारा घ्या. फार गोंगाट करणारा हूड कोणी लावत नाही. कॅलिफोर्नियाच्या २०२२ च्या ऊर्जा संहितेत गॅसच्या शेगडीसाठी विजेच्या शेगडीपेक्षा जास्त ताकदीचा हूड सांगितला होता, तेव्हा परवानगी काढताना आजचा नियम विचारून घ्या. काम होईपर्यंत मागचे बर्नर वापरा, खिडकी उघडी ठेवा, आणि भाकऱ्यांच्या वेळी मुलाचा गृहपाठ आतल्या खोलीत.

फक्त हूडने भागेल का? कदाचित. पण बाल्टिमोरमध्ये हूड नसलेल्या घरांत एक प्रयोग झाला, २०१४ मध्ये तो छापून आला. काही घरांत गॅसची शेगडी काढून विजेची बसवली, तिथे स्वयंपाकघरातला नायट्रोजन डायऑक्साइड निम्म्यावर आला. काही घरांत नुसतं हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवलं, तिथे तो साधारण पाव हिश्शाने कमी झाला. दम्याचं मूल घरात असताना आणि भिंती नाहीतरी फोडायच्याच असताना मी तुमच्या जागी असते, तर इंडक्शनच घेतलं असतं.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं खोडून काढू नका, कारण ते बरोबर आहे. चुलीतल्या लाकूडगोवऱ्यांच्या धुरापुढे गॅस म्हणजे सुटकाच होती आणि आजही आहे. भारतात २०१६ च्या १ मे रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली ती याच धुरापायी. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा आढावाही दोन्ही बाजू सांगतो : लाकूड-कोळशाच्या तुलनेत गॅसने श्वसनाचे आजार कमी होतात, आणि विजेच्या तुलनेत न्यूमोनियासारख्या काहींचा धोका गॅसवर थोडा जास्त दिसतो. (गावाकडे हे पत्र कोणी वाचत असेल तर त्यांना हात जोडून सांगते, अमेरिकेतला हा वाद ऐकून सिलिंडर परत करून चुलीकडे वळू नका.) सासूबाईंना इतकंच सांगा : 'तुम्ही एकदा धूर सोडून पुढची पायरी चढलात. नातवासाठी आणखी एक चढायची आहे.' ज्या बाईने धुराचे दिवस काढलेत तिला हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांना लागलं आहे ते वेगळंच. आपल्या हाताची भाकरी आता या घरात नको झाली की काय, असं त्यांना वाटतंय.

तेव्हा भाकरीचं बघू. इंडक्शनवर लोखंडी किंवा बिडाचा तवा उत्तम चालतो, फक्त तो बुडाला सपाट हवा. आपला खोलगट तवा नीट टेकत नाही, मधेच तापतो. अॅल्युमिनियमचा जुना कुकर, हिंडालियमची कढई, पितळेचं पातेलं चालणार नाही. फ्रिजवरचं चुंबक काढून प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर भांडं राहिलं. भाकरी थापून तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, इथपर्यंत काहीच बदलत नाही. शेवटी तवा बाजूला करून विस्तवावर शेकायची जी पायरी आहे, तिच्याऐवजी भाकरी तव्यावरच परत उलटून कडांवर फडक्याने हलके दाबत फिरवायची. पापुद्रा सुटतो, भाकरी फुगते. विस्तवावरचे काळे ठिपके आणि तो खरपूस वास मात्र येत नाही, हे मी खोटं सांगणार नाही. फुलक्यांचं तसंच. भरताचं वांगं ओव्हनमध्ये वरून आच देणाऱ्या ब्रॉयलरखाली सालं करपेपर्यंत भाजता येतं. धुराची चव हवीच असेल तर परसातल्या ग्रिलवर भाजा. तिथे ते गॅसपेक्षा चांगलं लागतं, सासूबाईंनाही पटेल.

सासूबाईंना पेसमेकर असेल तर इंडक्शनबाबत त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी विचारा. चालू इंडक्शनच्या चुंबकी क्षेत्रापासून अंतर ठेवायला सांगतात.

यजमानांच्या बाजूनेही एक मुद्दा पक्का आहे आणि तो त्यांनी अजून मांडलेला दिसत नाही. वीज गेली की गॅसचा बर्नर काडीने पेटतो, इंडक्शन बसून राहतं. वणव्याच्या दिवसांत कॅलिफोर्नियात वीज मुद्दाम बंद करतात हे तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी परसात वापरायची छोटी कॅम्पिंगची शेगडी ठेवा, आणि ती घरात कधीही पेटवू नका. दुसरं, इंडक्शनला २४० व्होल्टची स्वतंत्र तार लागते. तुमच्या घराचं मूळ विजेचं पॅनल १०० अँपिअरचं असेल तर ते वाढवावं लागेल का, हे इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्या. खरा खर्च तिथे दडलेला असतो. सवलती मिळतात का तेही विचारा, त्या दरवर्षी बदलतात.

भांडण टाळायचं म्हणता, तर वाद घालायचं सोडून द्या आणि वापरून बघा. साध्या प्लगवर चालणारी एका भांड्याची इंडक्शन प्लेट मिळते, १८०० वॉटपर्यंतची. ती ओट्यावर ठेवा. चहा, दूध, वरण, भाजी तिच्यावर करा. सासूबाई इथे असतील तर पहिली भाकरी त्यांच्याच हातची होऊ दे, त्यांना प्लेट हवी तशी कमी-जास्त करू दे. एक-दोन रविवारी यजमानांना ओट्यापुढे उभं करा, दुपारचा सगळा स्वयंपाक त्यांच्याकडे द्या. महिनाभर हातात आहे, तो पुरे. त्यानंतर निर्णय घ्यायचा तो रोज ओट्यापुढे उभं राहणाऱ्याच्या मताला जास्त वजन देऊन. वॉशिंग्टनमध्ये कुणी शेगडीचं काय केलं, हे त्या दिवशी टेबलावर आणू नका, दोघांनीही.

आणि समजा एवढं करूनही घरात एकमत झालं नाही, तर आत्ता गॅसची शेगडीच राहू द्या, पण हूड बाहेर टाकणारा बसवा आणि भिंती बंद व्हायच्या आधी शेगडीच्या मागे २४० व्होल्टची तार ओढून घ्या. उघड्या भिंतीत ते काम स्वस्तात होतं. पुढे मुलाची वही काय सांगते ते बघून शेगडी एका दिवसात बदलता येईल. हे पत्र वाचून झालं की इलेक्ट्रिशियनला फोन करा. त्यांच्या तारखा मिळायला वेळ लागतो.